जमिनीखालचे आकाश: नाओशिमाचे चिचू कला संग्रहालय कसे पाहावे

जपानच्या सेतो अंतर्गत समुद्रात, कागावा प्रांताच्या हद्दीत, नाओशिमा नावाचे एक लहानसे बेट आहे. या बेटाच्या दक्षिण भागातील एका टेकडीच्या पोटात तादाओ आंदो या वास्तुविशारदाने रचलेले चिचू कला संग्रहालय २००४ च्या जुलै महिन्यात प्रेक्षकांसाठी खुले झाले. संग्रहालय म्हटले की दालनामागून दालने आणि पाय दुखेपर्यंत चालणे अशी ज्यांची सवय झालेली आहे, त्यांना येथील संग्रहाची मोजदाद ऐकून आश्चर्य वाटेल. येथे कलावंत तीनच आहेत आणि कलाकृती अवघ्या नऊ: क्लोद मोने यांची पाच चित्रे, वॉल्टर डी मारिया यांची एक मांडणी आणि जेम्स टरेल यांच्या तीन प्रकाशकृती. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून जायचे का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला सरळ उत्तर असे की केवळ एवढ्यासाठी जाऊ नये. येथे इमारत पाहण्यासाठी जावे, आणि कलाकृती तिच्या ओघात पाहाव्यात. डी मारिया आणि टरेल यांच्या खोल्या त्या कलावंतांशी विचारविनिमय करूनच आखल्या गेल्या, त्यामुळे कोठे वास्तू संपते आणि कोठे कलाकृती सुरू होते, हे अनेकदा सांगता येत नाही.

या इमारतीला दर्शनी भाग असा नाहीच. बाहेर उभे राहून ‘वा!’ म्हणावे असे काही दिसत नाही, समोरून छायाचित्र घेण्याजोगे काही नाही. ती समजते ती दोनच मार्गांनी: पायांनी चालून आणि प्रकाश कसा बदलतो ते पाहून. म्हणून भेटीची सगळी आखणी कलाकृतींच्या यादीवरून करण्यापेक्षा सूर्याच्या वेळापत्रकावरून करावी, हा या लेखाचा मुख्य सल्ला आहे.

जाण्यापूर्वी घरी बसून करायची तयारी

पहिली तयारी म्हणजे संग्रहालयाचे आकाशातून घेतलेले एखादे छायाचित्र नीट पाहून ठेवणे. इंटरनेटवर ते सहज मिळते. हिरव्या टेकडीवर चौकोन, आयत आणि त्रिकोण कापून काढल्यासारखी तोंडे त्यात दिसतात. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त ही भौमितिक भोके. प्रत्यक्ष आत गेल्यावर यांतील एकही आकार एका नजरेत येत नाही. आपण त्रिकोणाच्या कडेने चालत असतो, पण तो त्रिकोण आहे हे वळणे घेतल्यावर कळते. आराखडा आधी मनात बसवून गेलेला माणूस आत जास्त मोकळेपणाने हरवू शकतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ही वास्तू जमिनीखाली का गेली, ते समजून घेणे. नाओशिमाच्या उत्तर टोकाला १९१७ पासून मित्सुबिशीचा धातू गाळण्याचा कारखाना आहे आणि त्या धुराने एके काळी तेथील डोंगर उघडेबोडके झाले होते. दक्षिणेचा किनारा मात्र निसर्गरम्य राहिला. हा समुद्र आणि त्यातील बेटे १९३४ मध्ये घोषित झालेल्या जपानच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी एका उद्यानाचा भाग आहेत. शेजारच्या ओकायामा शहरातील शैक्षणिक प्रकाशन व्यवसायातील फुकुताके कुटुंबाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दक्षिण भागात काम सुरू केले. सोइचिरो फुकुताके यांनी आंदो यांच्याकडून १९९२ मध्ये बेनेसे हाउस हे संग्रहालय आणि अतिथिगृह एकत्र असलेले संकुल बांधून घेतले. तेही बरेचसे डोंगरात दडवलेले आहे. चिचूच्या वेळी हा विचार टोकापर्यंत नेण्यात आला. ज्या टेकडीवर पूर्वी पायऱ्यापायऱ्यांची मिठागरे होती, तिचे समुद्रावरून दिसणारे रूप बदलू द्यायचे नाही, असे ठरले.

तिसरी तयारी डोळ्यांची आहे, आणि तिच्यासाठी मराठी वाचकाजवळ एक चांगले साधन आधीपासूनच आहे. ज्यांनी वेरूळचे कैलास लेणे पाहिले आहे, त्यांनी ते आठवावे. तेथे बेसॉल्टचा डोंगर वरून खाली कोरत नेला आणि जो खडक उरला तीच वास्तू झाली. चिचूची कृती याच्या बरोबर उलट आहे: टेकडी उघडली, खड्ड्यात काँक्रीटच्या भिंती आणि छपरे ओतली, आणि मग माती पुन्हा वर लोटून झाडोरा लावला. लेण्यात आपण छिन्नीच्या खुणा शोधतो. येथे शटरिंगच्या, म्हणजे ओले काँक्रीट ओतण्यासाठी उभ्या केलेल्या तात्पुरत्या फळ्यांच्या साच्याच्या, खुणा शोधायच्या. आंदो यांच्या बहुतेक इमारतींत शटरिंगच्या फळ्या साधारण ९० सेंटीमीटर रुंद आणि १८० सेंटीमीटर लांब, म्हणजे जवळपास जपानी घरातील तातामी चटईच्या मापाच्या असतात. दोन फळ्यांच्या सांध्याची बारीक रेघ आणि फळ्या आवळून धरणाऱ्या बोल्टांची गोल भोके भिंतीवर तशीच राहू दिलेली असतात. गिलावा नाही, रंग नाही. भोकांच्या ओळी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर कशा जुळत जातात, हे पाहू लागलात की या माणसाच्या कामातील शिस्त कळू लागते.

आंदो यांच्याविषयी थोडे माहीत असणेही उपयोगी पडते. त्यांचा जन्म १९४१ मध्ये ओसाकाला झाला, वास्तुकलेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही, तरुणपणी काही काळ ते व्यावसायिक मुष्टियोद्धे होते आणि १९९५ मध्ये त्यांना वास्तुकलेतील मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. त्यांच्या तीन जुन्या कामांची छायाचित्रे आधी पाहावीत. ओसाकातील सुमियोशी येथील १९७६ चे चिंचोळे घर हे पहिले. त्याच्या मधोमध उघडे अंगण आहे, त्यामुळे पावसात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला छत्री घ्यावी लागते. दुसरे म्हणजे १९८९ चे ‘प्रकाशाचे चर्च’, ज्याच्या भिंतीत क्रुसाच्या आकाराची फट आहे. तिसरे अवाजी बेटावरील १९९१ चे बौद्ध मंदिर, जेथे कमळांच्या गोल तळ्याच्या मधून जिना खाली उतरतो आणि गाभारा पाण्याखाली लागतो. उघडे अंगण, भिंतीतील फट आणि जमिनीत उतरणे या तिन्ही कल्पना चिचूत पुन्हा भेटतात.

तिकीट, बोट आणि दिवसाची निवड

संग्रहालयाचा प्रवेश ठरावीक वेळेच्या तिकिटाने असतो आणि तिकीट ऑनलाइन आधी काढणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण त्या दिवसाची तिकिटे संपली असतील तर दारात जाऊन उपयोग होत नाही. साधारणपणे सोमवारी संग्रहालय बंद असते; सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर ते उघडे राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवले जाते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते लवकर बंद होते. दर आणि वेळा बदलत असल्याने अधिकृत संकेतस्थळावर त्या आठवड्याचे पत्रक पाहावे, दुसऱ्या प्रवाशाच्या जुन्या वर्णनावर विसंबू नये. दर तीन वर्षांनी या समुद्रातील बेटांवर सेतोउची त्रैवार्षिक कला महोत्सव भरतो, २०१० मध्ये तो सुरू झाला. महोत्सवाच्या काळात गर्दी इतकी असते की शांतपणे इमारत पाहण्याचा हेतू असेल तर ते महिने टाळलेले बरे.

ओसाकाकडून येणाऱ्यांनी शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने ओकायामाला उतरून तेथून स्थानिक रेल्वेने उनो बंदर गाठावे. या मार्गावर बहुतेक वेळा चायामाची येथे गाडी बदलावी लागते. उनोहून नाओशिमाच्या मियानोउरा बंदरापर्यंत फेरीबोटीला सुमारे २० मिनिटे लागतात. शिकोकू बेटावरील ताकामात्सुहून निघाल्यास मोठ्या बोटीला सुमारे ५० मिनिटे लागतात. मियानोउराहून गावाची बस त्सुत्सुजिसो या थांब्यापर्यंत जाते आणि तेथून संग्रहालयांची मोफत बस चिचूला पोहोचवते. सायकलही भाड्याने मिळते, पण चढ चांगलाच आहे. घ्यायचीच असेल तर विजेवर चालणारी घ्यावी. बोटीची परतीची शेवटची वेळ सकाळीच टिपून ठेवावी, कारण ती मुंबईच्या शेवटच्या लोकलसारखी रात्री उशिरापर्यंत वाट पाहत नाही.

आता सूर्याचे वेळापत्रक. डी मारिया यांच्या दालनाचे तोंड पूर्वेला आहे, म्हणून सकाळचे तिकीट मिळाले तर तो लाभ घ्यावा. टरेल यांची उघड्या छताची खोली संध्याकाळी सर्वांत बोलकी होते. शुक्रवारी आणि शनिवारी सूर्यास्ताच्या वेळी तिचा खास कार्यक्रम असतो, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. दोन्ही साधायचे असेल तर बेटावर मुक्काम करावा. एकच फेरी शक्य असेल तर मी दुपारच्या आधीची वेळ निवडेन, आणि तीही ढगाळ-उघडीप असा खेळ चाललेल्या दिवसाची. निरभ्र आकाशाचा दिवस छायाचित्रांसाठी चांगला, पण आत छायाचित्रे घ्यायला मुळात बंदी आहे. पावसालाही घाबरू नये. मधले काही मार्ग उघडे असल्याने पाऊस या इमारतीत खरोखर आत येतो, आणि ओल्या काँक्रीटचा गडद होत जाणारा रंग पाहण्यासारखा असतो.

कपड्यांबाबत दोनच सूचना आहेत. चटकन काढता-घालता येतील असे बूट घालावेत, कारण काही दालनांत ते काढावे लागतात. आणि मोजे धुतलेले व न फाटलेले असावेत. खाण्यापिण्याच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी थोडी सोय बरोबर ठेवावी. ताकामात्सु परिसर सानुकी उडोन या जाड शेवयांसाठी प्रसिद्ध आहे, पण त्यांचे सार बहुधा सुक्या माशांचे असते, त्यामुळे भांड्यात मासा दिसला नाही म्हणजे तो नाही, असे समजू नये. आणलेले डबे अर्थातच दालनांत उघडायचे नाहीत.

दारापासून पहिल्या अंगणापर्यंत

तिकीटघर संग्रहालयापासून थोडे दूर, रस्त्याच्या कडेला आहे, आणि हे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे. तेथून प्रवेशद्वारापर्यंतच्या वाटेवर चिचू बाग लागते. मोने यांनी फ्रान्समध्ये जिव्हेर्नी येथे जी झाडे-फुले लावली होती, त्यांच्या धर्तीवर सुमारे २०० प्रकारच्या वनस्पती येथे लावल्या आहेत आणि पाणकमळांचे छोटे तळेही आहे. तिकिटावरील वेळेच्या पाव तास आधी येऊन ही बाग सावकाश पाहावी. आत जी चित्रे पाहायची आहेत, त्यांचा विषय आधी उन्हात, चिखलासकट, डोळ्यांसमोरून गेलेला बरा असतो. बॅग लॉकरमध्ये ठेवावी आणि फोन खिशात बंद करून टाकावा. बंदी आहे म्हणून नव्हे, तर हातात फोन असला की माणूस चौकट शोधत राहतो, आणि या इमारतीत चौकटी आंदो यांनी आधीच करून ठेवलेल्या आहेत.

प्रवेशद्वार म्हणजे काँक्रीटच्या भिंतीतील एक उंच तोंड, बस्स. त्यातून आत शिरल्यावर भुयारासारखा मार्ग लागतो. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना तो प्रत्यक्षात आहे त्याहून काळोखा वाटतो. येथे बहुतेक लोक पाय उचलतात. येथेच थांबायला हवे. भिंतीला पाठ न लावता मध्यावर उभे राहावे आणि डोळे सरावू द्यावेत. काही मिनिटांतच करड्या भिंतीवर शटरिंगच्या रेघा उमटू लागतात आणि टोकाशी असलेला हिरवट उजेड कोठून येतो, याची उत्सुकता वाटू लागते.

तो उजेड चौकोनी अंगणाचा असतो. चारही बाजूंना उंच भिंती, वर उघडे आकाश, आणि खाली जमिनीवर दाट उगवलेले तोकुसा. तोकुसा ही फांद्या-पानांशिवायची, पेरापेरांची सरळ उभी हिरवी वनस्पती आहे. जपानी बागांत ती सर्रास दिसते. या अंगणाला वळसा घालत पायऱ्या वर चढतात. चढताना प्रत्येक वळणावर थांबून एकदा खाली हिरव्याकडे आणि एकदा वर निळ्याकडे पाहावे. त्या दोन रंगांमध्ये उरलेले सर्व काँक्रीट आहे. भूगर्भात असल्याची जाणीव येथे होते, पण कोंडल्यासारखे वाटत नाही, आणि याचे कारण अंगणाच्या प्रमाणात आहे. भिंती आणखी उंच असत्या तर ही विहीर झाली असती, ठेंगण्या असत्या तर नुसता चौक.

उघडी खिंड आणि त्रिकोण

दुकान आणि स्वागतकक्ष ओलांडल्यावर आकाशाखालून जाणारा एक मार्ग येतो. दोन्ही बाजूंच्या भिंती सरळ ओळंब्यात नाहीत, त्या किंचित कललेल्या आहेत. हा कल डोळ्यांना कळण्याआधी शरीराला कळतो. चालताना तोल सावरल्यासारखे होते आणि लोक नकळत मध्यावरून चालू लागतात. बांधकामाशी संबंध असलेल्या वाचकांनी येथे अंमळ जास्त वेळ घालवावा. कललेल्या भिंतीचे शटरिंग हे डोकेदुखीचे काम असते, कारण ओले काँक्रीट आपला भार एकाच बाजूच्या फळ्यांवर टाकते. फळी जराशी जरी फुगली तरी पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि गिलावा करायचा नसल्याने तो झाकण्याची सोय राहत नाही. शिवाय या भिंतींना मागच्या मातीचा दाबही पेलायचा असतो. भिंतीच्या कडेला डोळा लावून लांबवर पाहावे. कड सुतात आहे.

पुढे त्रिकोणी अंगण येते आणि माझ्या मते सबंध संग्रहालयातील सर्वश्रेष्ठ जागा हीच आहे, मोने यांचे दालन नव्हे. अंगणाच्या तळाशी चुनखडीचे फोडलेले पांढरे दगड पसरलेले आहेत. झाड नाही, पाणी नाही. त्याच्या भोवतीने जाणाऱ्या मार्गिकेच्या भिंतीत एक आडवी लांबलचक फट ठेवलेली आहे आणि तीतून बाहेरचा उजेड मार्गिकेत पडतो. ही फट पाहण्याची रीत अशी. पहिल्या फेरीत तीतून बाहेर पाहू नये, ती आत काय करते ते पाहावे: समोरच्या भिंतीवर पडलेला प्रकाशाचा पट्टा कोठे तीक्ष्ण आहे, कोठे विरत जातो, माणूस मधून गेला की कसा तुटतो. दुसऱ्या फेरीत फटीजवळ जाऊन दगडांकडे पाहावे. उभे राहून, मग थोडे वाकून पाहिल्यास दृश्य पूर्णपणे बदलते, कारण फट अरुंद आहे आणि दगड व आकाश यांपैकी किती दिसावे हे आपल्या उंचीवर ठरते. उंच माणसाला आणि लहान मुलाला येथे वेगवेगळी इमारत मिळते. आणि मग एक प्रश्न मनात आणावा: एवढी लांब भिंत मधोमध चिरलेली असताना वरचा भाग कशावर उभा आहे? उत्तर शोधण्यासाठी कोपऱ्यांकडे पाहत जावे.

गर्दीचा ओघ येथे थांबत नाही. लोक तडक मोने आणि टरेल यांच्या दालनांकडे वळतात व रांगेत उभे राहतात. त्यांना जाऊ द्यावे. दालनांत न शिरता आधी एकदा सगळे मार्ग चालून यावेत, कोठे चढ आहे, कोठे उतार, कोणत्या वळणावर अंगण पुन्हा भेटते ते पाहावे. मग कलाकृती पाहाव्यात.

तीन दालने

मोने यांच्या दालनाआधी मंद उजेडाची एक पूर्वखोली आहे आणि तेथे बूट काढून सपाता घालायच्या असतात. सपाता घालण्याच्या गडबडीत तेथील खरी गोष्ट निसटू शकते. पूर्वखोलीच्या अंधारातून पुढच्या पांढऱ्या खोलीत पाहिले की दाराच्या चौकटीत समोरचे मोठे चित्र बसलेले दिसते. प्रत्येकी २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद असे दोन भाग जोडून झालेले, एकूण ६ मीटर रुंदीचे हे ‘वॉटर लिलीज’ मालिकेतील चित्र. संग्रहालयाची कल्पनाच या चित्राभोवती आकाराला आली. त्यामुळे त्याच्याकडे पहिली नजर लांबून, अंधारातून टाकावी, आणि मागून येणाऱ्यांना वाट देत का होईना, थोडे रेंगाळावे.

आत गेल्यावर चित्रांआधी जमिनीकडे पाहावे. पांढऱ्या संगमरवराचे २ सेंटीमीटरचे सुमारे ७ लाख घनाकृती तुकडे एकेक करून बसवून ही जमीन केलेली आहे. मोठ्या लाद्या घातल्या असत्या तर उजेड चकाकून डोळ्यांवर आला असता. लहान तुकड्यांमुळे तो विखुरतो आणि जमीन साखरेसारखी मऊ दिसते. भिंतींचे कोपरे गोलसर केलेले आहेत, म्हणून खोलीला कडा जाणवत नाहीत. आणि या खोलीत विजेचा दिवा नाही. प्रकाश फक्त वरून, आडून येतो. ढग सूर्यावर आला की चित्रांतील जांभळे आणि हिरवे रंग मागे सरतात, ढग सरला की पाणी पुन्हा पुढे येते. एका चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहिल्यावरच हे दिसते, म्हणून पाचही चित्रांना समान वेळ देण्याचा हट्ट धरू नये, एक निवडावे. मोने यांनी ही चित्रे उतारवयात, मोतीबिंदूने दृष्टी अधू होत असताना रंगवली. पॅरिसच्या ऑरांजेरी संग्रहालयातील त्यांची मोठी चित्रे १९२७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, नैसर्गिक प्रकाशाच्या लंबगोल दालनांत लागली. चिचूतील दालन त्याच विचाराचे वंशज म्हणता येईल. एक तक्रार मात्र नोंदवतो. सपाता, कुजबूज आणि शुभ्र भिंती यांमुळे दालनाला देव्हाऱ्याचे सोवळे आलेले आहे. मोने हा चिखलात उभा राहून रंगवणारा माणूस होता. प्रकाश इतका चांगला नसता तर हे सोवळे खटकलेच असते.

जेम्स टरेल यांचा जन्म १९४३ चा. ते विमान चालवतात आणि त्यांनी आकलनाच्या मानसशास्त्राचा अभ्यास केलेला आहे. दोन्ही गोष्टी येथे उपयोगी पडलेल्या दिसतात. त्यांची १९६८ ची कृती खोलीच्या कोपऱ्यात अधांतरी तरंगणारा प्रकाशाचा घन दाखवते. लांबून तो घन आहे अशी पैज लावावीशी वाटते, जवळ जाताच तो दोन भिंतींवर पडलेला सपाट उजेड निघतो. पुढे-मागे करत नेमक्या कोणत्या पावलावर घनाचा सपाट उजेड होतो, ते शोधावे. दुसऱ्या कृतीसाठी रांग लावावी लागते. काही पायऱ्या चढून समोरच्या निळ्या आयताजवळ गेल्यावर तो भिंतीवरचा रंग नसून आत शिरण्याचे तोंड आहे, असे ध्यानात येते. आत कडा दिसत नाहीत. कर्मचारी सांगतील तेथेच थांबावे. एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि वेळ थोडा मिळतो, त्यामुळे आत गेल्यावर बोलण्यात तो दवडू नये. बाहेर पडताना मागे वळून ज्या खोलीतून आलो तिचा रंग पाहावा. ती पांढरीच असते, पण तशी दिसणार नाही. तिसरी कृती म्हणजे छताला चौकोनी तोंड असलेली खोली, भिंतींच्या कडेने बसण्याची सोय. तोंडाची कड इतकी पातळ केलेली आहे की छताची जाडी दिसत नाही आणि आकाश वर ताणून बसवलेल्या कापडासारखे सपाट भासते. पक्षी किंवा विमान मधून गेले की तो भास क्षणभर मोडतो. येथे बसून राहणे हेच काम आहे. लहान मुले मोने यांच्याकडे कंटाळतात, पण या तीन खोल्यांत ती मोठ्यांपेक्षा लवकर रमतात.

वॉल्टर डी मारिया यांचे दालन उंच आणि लांब असून ते रुंद पायऱ्यांनी भरलेले आहे. पायऱ्यांच्या मध्यावर २.२ मीटर व्यासाचा, झिलई दिलेला ग्रॅनाइटचा गोल ठेवलेला आहे; भिंतींवर सोन्याचा वर्ख दिलेली २७ लाकडी भौमितिक शिल्पे आहेत. प्रथम पायथ्याशी थांबावे आणि गोलाकडे पाहावे: छतातून येणारा उजेड, सोनेरी शिल्पे आणि आपण स्वतः, सर्व त्यात वाकलेले दिसतात. मग वर चढून जावे आणि उलट दिशेने खाली पाहावे. शिल्पे वरवर सारखी वाटतात, पण थांबून पाहिले की त्यांच्या बाजूंची संख्या बदलत असल्याचे दिसते. सकाळी उजेड एका बाजूने सोन्यावर येतो, दिवस पुढे सरकतो तसा तो भिंतीवर फिरत जातो. ज्यांना शक्य आहे त्यांनी बाहेर पडण्यापूर्वी येथे दुसऱ्यांदा यावे. तासाभराच्या अंतराने खोली वेगळी असते. डी मारिया यांचीच ग्रॅनाइटच्या दोन गोलांची आणखी एक मांडणी बेनेसे हाउसजवळच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून आहे, तीही त्याच दिवशी पाहून तुलना करता येते.

बाहेर पडताना, आणि तिकीट मिळाले नाही तर

एवढ्या वेळात समुद्र कोठेच दिसलेला नसतो, आणि बेटावर असल्याचाही विसर पडतो. संग्रहालयातील कॅफे मात्र समुद्राकडे उघडतो. आधी कॅफेत जाऊ नये, शेवटी जावे. सगळे मिळून किमान दोन तास हाताशी ठेवावेत, आणि बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत हे गृहीत धरून चालावे. जिने आणि उतार बरेच असल्याने ज्यांना चालण्याचा त्रास आहे त्यांनी संग्रहालयाला आधी कळवून ठेवणे सोयीचे.

तिकिटे संपली असतील तरी आंदो यांची भूगर्भातील वास्तुकला या बेटावर अन्यत्र पाहता येते. चिचूपासून चालत जाण्याच्या अंतरावर ली उफान या कलावंताच्या नावाचे संग्रहालय आहे. २०१० मध्ये खुले झालेली ही अर्धी जमिनीत दडलेली इमारत आकाराने लहान असून तेथे गर्दी तुलनेने कमी असते, आणि तिच्या अंगणात १८.५ मीटर उंचीचा काँक्रीटचा सहाकोनी स्तंभ उभा आहे. होनमुरा गावात एका जुन्या लाकडी घराच्या पोटात काँक्रीट घालून केलेले आंदो संग्रहालय २०१३ पासून आहे. त्याच गावातील मिनामिदेरा ही आंदो यांची लाकडी इमारत असून तिच्या आत टरेल यांची पूर्ण अंधारातील कृती आहे. तेथे डोळे सरावायला जो वेळ लागतो, तो दिलाच पाहिजे. घाईत असाल तर त्या रांगेत उभे राहू नका. २०२५ मध्ये याच गावाजवळ आंदो यांचे आणखी एक संग्रहालय सुरू झाले, ज्याचा एक मजला जमिनीवर आणि दोन मजले खाली आहेत. चिचूचे तिकीट दुपारचे असेल तर सकाळ होनमुरात घालवून मग बसने वर यावे. सकाळचे असेल तर क्रम उलटा ठेवावा, आणि सायकल घेतली असेल तर उताराच्या रस्त्यावर ब्रेक तपासून निघावे.